शॉक, शॉक म्हणून ओरडलात आणि खरा प्रश्न बुडवलात

शहरातल्या नदीवर तरंगते सोलर पॅनल बसवणार, एवढी बातमी फुटायचा अवकाश, पुढचे कित्येक आठवडे कान किटून जातात. मासे शॉकने मरणार. पाण्यात वीज उतरणार. पॅनलमधलं विष विरघळून नळाला येणार. नदी तापणार. सूर्याची सगळी ताकद पॅनल ओढून घेणार. लिफ्टमध्ये, बसच्या रांगेत, पुलाच्या कठड्याला टेकून, चार माणसं जमली की हेच. आणि समोरून तितक्याच जोरात दुसरा गट: वीज हवी ना, मग गप्प बसा, विरोध करणारे सगळे अडाणी, विकासाचे वैरी. मला दोघांचाही वीट आलाय. इतका आरडाओरडा चाललाय आणि त्यात नदीबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही.

आधी या शॉकचं काय ते एकदा मिटवू. आज बसवले जाणारे बहुतेक पॅनल सिलिकॉनचे असतात. वर जाड काच, आत प्लास्टिकच्या थरांमध्ये हवाबंद केलेले सेल, मागे पुन्हा शीट किंवा काच. साधारण 25 वर्षं ऊनपाऊस खाऊन टिकावेत म्हणूनच ते असे बनवतात. डाख देताना वापरलेलं थोडं शिसं आत असू शकतं, म्हणून फुटलेला पॅनल पाण्यात पडून राहता कामा नये, हे अगदी खरं. पण धड असलेला पॅनल साखरेसारखा विरघळत नाही. तो ज्या फ्लोटवर, म्हणजे तरंगत्या ठोकळ्यांवर, बसतो ते एचडीपीई नावाच्या प्लास्टिकचे असतात, आणि त्याच जातीच्या प्लास्टिकचे पिण्याच्या पाण्याचे पाइप आपण वर्षानुवर्षं वापरतोय. केबल फ्लोटच्या वरून नेतात. कुठे इन्सुलेशन कमी पडून गळती सुरू झाली तर ती ओळखून इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र, बंद पडावा अशी सोय असते. आणि तापण्याचं म्हणाल तर पॅनलची पाण्यावर सावली पडते हो! सावलीतलं पाणी तापेल कसं?

हे काही गुप्त ज्ञान नाही. कुठल्याही वायरमनला, विज्ञान शिकवणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला विचारलं तर पंधरा मिनिटांत कळेल. पण विचारायचं नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. बरं, न कळणं हा गुन्हा नाही, भीती वाटणं तर मुळीच नाही. माझा संताप आहे तो या ओरड्यामुळे पुढे जे होतं त्यावर.

ते मी डोळ्यांनी पाहिलंय. अशाच एका प्रस्तावाच्या सुनावणीला मी बसले होते. सगळा वेळ शॉक, विष आणि उष्णतेत गेला. उत्तरं देणारे अधिकारी अजिबात वैतागले नाहीत. प्रत्येक प्रश्नाला हसतमुखाने, सावकाश, स्लाइड दाखवत उत्तर देत होते. का देणार नाहीत? ज्याचं उत्तर तयार आहे असाच प्रश्न लोक पुन्हा पुन्हा विचारत होते. शेवटी मागच्या रांगेतून एक नावाडी उठले. आयुष्य त्याच पाण्यावर काढलेला माणूस. त्यांनी विचारलं, "साहेब, नांगर कुठं टाकणार? तिथं गाळ किती खोल आहे ते मोजलंय का? आणि पाणी चढलं की दोर किती सोडणार, वर राहणार की ओढून धरणार?"

सभागृहात काही जण हसले. हसले! अख्ख्या सुनावणीतला सगळ्यांत जाणकार प्रश्न होता तो. उत्तर मिळालं, "तांत्रिक बाबी तज्ज्ञ पाहतील." आणि वेळ संपली. नंतर कळलं, नोंद अशी झाली की नागरिकांच्या शंकांचं निरसन करण्यात आलं. सुक्याबरोबर ओलं जळतं ते असं. एकदा का विरोध म्हणजे अडाणीपणा असा शिक्का बसला की नांगर विचारणारा आणि शॉक विचारणारा एकाच टोपलीत.

आता या नांगराचं काय एवढं, ते ऐका. जगात तरंगत्या सोलरचे मोठे मोठे प्रकल्प झालेत, आणि बाजू घेणारे त्यांचेच फोटो नाचवत असतात. चीनमध्ये हुआइनान, 40 मेगावॅट, 2017. सिंगापूरचा तेंगेह जलाशय, 60 मेगावॅट, 2021. इंडोनेशियात सिराता, 192 मेगावॅट, 2023. आपल्याकडे ओंकारेश्वर. पण ते फोटो जरा नीट बघा की! हुआइनानला कोळशाच्या खाणीमुळे जमीन खचली आणि तिथे पाणी साचलं, त्यावर पॅनल आहेत. तेंगेह जलाशय आहे. सिराता धरणाचं पाणी आहे. ओंकारेश्वर नर्मदेवर आहे म्हणून टाळ्या वाजवता, पण तेही धरणामागचं अडवलेलं पाणी आहे. ही सगळी थांबलेली पाणी आहेत. पावसाळ्यात फुगून धावणाऱ्या शहरातल्या नदीला यांचा दाखला कसा लागू होतो? जलाशयात झालं म्हणजे नदीत होईल हे कोणी ठरवलं?

वाहत्या पाण्याचा हिशेब वेगळा असतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याने दिलेला रेटा चौपट होतो. वेग तिप्पट, रेटा नऊपट. उन्हाळ्यात नदी संथ असताना पॅनलचा तराफा नांगराच्या ज्या दोरांवर आरामात उभा असतो, त्याच दोरांनी पुरात हे सगळं पेलायचं असतं. वर नदी नुसतं पाणी आणत नाही. झाडं आणते, ओंडके आणते, जलपर्णीचे गालिचे आणते, शहराने टाकलेलं प्लास्टिक आणते. चाचणीसाठी म्हणून पाण्यात सोडलेला एक छोटासा तराफा मी पुलावरून पाहिला होता. एकच जोराचा पाऊस झाला होता. प्रवाहाकडच्या बाजूला जलपर्णी आणि बाटल्या अशा दाटून बसल्या होत्या की पाणी दिसत नव्हतं. दोर ताठ, आणि पुढच्या कोपऱ्यावरचे दोन फ्लोट पाण्याखाली दबलेले. तो पूर नव्हता बरं का, साधा पाऊस होता. आणि खरोखरीचा तराफा सुटला तर तो जाणार कुठे? खालच्या पुलाच्या खांबांवर! मग कमानी तुंबणार, पाणी मागे फुगणार आणि काठावरच्या घरांत शिरणार. हा प्रश्न शॉकपेक्षा लहान वाटतो का तुम्हाला?

थांबलेल्या पाण्यावरही काय होऊ शकतं त्याचं उदाहरण जपानने दाखवलंय. यामाकुरा धरणाच्या जलाशयावर 13.7 मेगावॅटचा प्रकल्प होता, 50 हजारांहून जास्त पॅनल. सप्टेंबर 2019 मध्ये फॅक्साय नावाचं वादळ आलं. नांगर उखडले, तराफ्याचे भाग एकमेकांवर चढले, पॅनलचा ढीग झाला आणि त्या ढिगाला आग लागली. पाण्याच्या मधोमध आग. तिथे प्रवाह नव्हता, नुसता वारा होता. तो फोटो मात्र कुठल्याच स्लाइडवर नसतो.

प्रकल्पाचं चित्र म्हणून जे दाखवतात ते बघून तर माझं डोकंच फिरतं. निळंशार पाणी, त्यावर चकचकीत पॅनल, काठावर हिरवळ, सायकलवर हसणारं कुटुंब. त्या चित्रात दोर नाहीत, बोटीला जायला वाट नाही, जलपर्णी नाही. पुलाचे खांब आहेत, पण खांबांवरची पूररेषेची खूण पुसलेली. चित्रातल्या नदीची पातळी कधी वर येतच नाही.

आणि मासे. इथे मला दोन्ही बाजूंचा सारखाच राग येतो. मासे शॉकने मरत नाहीत हे सिद्ध केलं की अधिकारी म्हणतात, झालं, माशांचा प्रश्न संपला. कुठे संपला? माशांना जगायला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लागतो, बहुतेकांना लिटरमागे 4-5 मिलिग्रॅम तरी. तो येतो हवेतून, पाण्यावर वारा खेळला की, आणि पाण्यातल्या वनस्पतींकडून, त्यांना ऊन मिळालं की. पृष्ठभाग झाकलात की वाराही कमी पोचणार आणि ऊनही. स्वच्छ, खोल जलाशयात थोडासा भाग झाकला तर फारसं बिघडणार नाही, उलट शेवाळ कमी होण्याचा फायदाही मिळेल. पण शहरातल्या नदीत आधीच सांडपाणी सोडलेलं असतं, आणि ते कुजताना उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकतं. अशा धापा टाकणाऱ्या पाण्यावर झाकण किती ठेवायचं, कुठे ठेवायचं, उन्हाळ्यात पाणी सगळ्यांत कमी असतं तेव्हाचा ऑक्सिजन किती, पहाटेचा किती, हे मोजलंय का? म्हणजे मासे मरतील ही लोकांची भीती खोटी नव्हती. कारण चुकीचं होतं. कारण चुकीचं म्हणून भीतीच फेकून दिली, आणि तिथे बसलेल्या एकाही तज्ज्ञाला दुरुस्त करावंसं वाटलं नाही. त्यांना हे माहीत नसणार असं मी मानत नाही.

बाजू घेणाऱ्यांचे दावेही कुणी तपासत नाही. म्हणे बाष्पीभवन वाचेल. महिनोन् महिने साठवून ठेवलेल्या जलाशयात हा फायदा खरा आहे, मोठाही आहे. नदीतलं पाणी तराफ्याखालून काही मिनिटांत पुढे निघून जातं, तिथे ते कितीसं वाचणार? म्हणे इतके मेगावॅट. ती क्षमता झाली, भर दुपारी स्वच्छ ऊन असतानाची. रात्र, ढग, सकाळ-संध्याकाळ धरून वर्षभराची सरासरी काढली तर चांगल्या उन्हाच्या प्रदेशातही क्षमतेच्या साधारण पाचव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून कमीच हाती येतं. युनिट सांगा, मेगावॅट नको. आणि जागा? एका मेगावॅटला साधारण एक हेक्टर पाणी लागतं. नदी 100 मीटर रुंद असेल आणि तिचा तिसरा हिस्सा झाकायचा म्हटलं तर एका मेगावॅटसाठी 300 मीटर लांबीचा पट्टा गेला. एवढा गुणाकार भागाकार तरी करा, मग ठरवा टाळ्या वाजवायच्या की बोंब मारायची.

नदी विद्रूप दिसेल म्हणणाऱ्यांना लोक फार लवकर हसतात, तेही मला पटत नाही. नदीकडे बघत बसणं हाही नदीचा उपयोगच आहे. पण तुम्हीही नुसतं विद्रूप, विद्रूप म्हणून थांबू नका. कुठल्या घाटासमोर नको, किती लांबीपर्यंत चालेल, ते बोला. आणि आधी छपरांवर लावा म्हणणारे बरोबरच बोलतात. शहरातली गोदामं, शाळा, कार्यालयं यांची छपरं मोकळी पडलेली असताना नदीत का उतरायचं, याचं उत्तर मिळायलाच हवं. फक्त ते वाक्य तोंडावर फेकून घरी जाऊ नका. छपरांची यादी मागा.

मी सोलरच्या विरोधात नाही, उलट अगदी मनापासून बाजूने आहे. कोळसा जाळून काय होतं ते आपण सगळे श्वासातून भोगतोय. म्हणूनच जास्त जळफळाट होतो. एक तराफा चुकीच्या नदीत, चुकीच्या दोरांनी बांधून सोडायचा, पहिल्या पुरात तो फुटायचा, आणि मग पुढची कितीतरी वर्षं जिथे खरोखर चांगलं जमलं असतं त्या जलाशयावरही लोक पॅनल बसवू देणार नाहीत. हे नुकसान कोण भरून देणार?

तेव्हा शॉक बास. गाळाची खोली आणि पुराच्या पाण्याचा वेग कागदावर द्या. तराफा कुठल्या पातळीला, कुठल्या वेगाला काढून घेणार, तो ओढायची बोट कुठे उभी असणार, रात्री दोन वाजता पाणी चढलं तर फोन कोण उचलणार ते सांगा. बोटीची वाट किती रुंद ठेवलीय ते नावाड्यांना नकाशावर दाखवा, आणि त्यांची सही घ्या. ऑक्सिजनची मोजणी आधीची आणि नंतरची, दोन्ही उघड करा. पक्ष्यांच्या विष्ठेने माखलेले पॅनल धुणार कोण आणि कशाने, साबण वापरणार असाल तर तो जाणार कुठे? आणि 25 वर्षांनी, किंवा कंपनी त्याआधीच गाशा गुंडाळून गेली तर, हे फ्लोट, या केबल, या काचा, तळातले नांगर बाहेर काढायचे पैसे आज कुठल्या खात्यात बाजूला ठेवलेत? तो आकडा आणि जबाबदार माणसाचा हुद्दा करारात लिहिलेला दाखवा. ते पान समोर येत नाही तोवर एकही फ्लोट पाण्यात उतरू देऊ नका.