जंताच्या एका गोळीबद्दल

नमस्कार,

मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्यांना परजीवींचा धोका असतो, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. “एवढा बाऊ कशाला? जंताची एक गोळी घेतली की काम झालं. डॉक्टर नसलेल्यांनी रिकाम्या वेळात असं लिहून रुग्णांना घाबरवू नये,” असं तुम्ही म्हणता. मतभेदाचं मला काही वाटत नाही. पण ‘रिकाम्या वेळात’ लिहिण्याआधी समोर कोण आहे हे तरी विचारायचं होतंत. ९ वर्षांपूर्वी माझ्या आईचं मूत्रपिंड मला बसवलं. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ घड्याळ बघून टॅक्रोलिमस घेते आहे, शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. हा विषय मी हौस म्हणून निवडलेला नाही.

एक चूक मान्य करते. न्यूमोसिस्टिसला मी परजीवींत घातलं होतं. ती बुरशी आहे. पूर्वी तिला परजीवीच समजत, म्हणून घोटाळा झाला. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

आता तुमची गोळी. कुठल्या जंतावर? स्ट्राँगिलॉइडिस नावाचा बारीक जंत मातीतून, अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो. याच्या अळ्या आतड्यातच वाढून त्याच माणसाच्या शरीरात पुन्हा शिरू शकतात. त्यामुळे एकदा झालेली लागण कित्येक दशकं टिकते आणि माणसाला पत्ता नसतो. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी स्टेरॉइड सुरू झाली की या अळ्या बेसुमार वाढतात, फुप्फुसांत जातात, कधी मेंदूपर्यंत पोचतात आणि जाताना आतड्यातले जिवाणू रक्तात नेतात. या टप्प्यावर उपचार करूनही अनेक रुग्ण दगावतात. त्यावरचं मुख्य औषध आयव्हरमेक्टिन आहे. तुम्ही म्हणता ती अल्बेंडाझोलची एक गोळी इथे पुरत नाही. शौचाच्या एका तपासणीत हा जंत सहज निसटतो, म्हणून रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तपासायची, तीही शस्त्रक्रियेआधी. दात्याचीसुद्धा, कारण अवयवाबरोबर तो येऊ शकतो. लेखात मी एवढंच मागितलं होतं. यात घाबरवणं कुठे आलं?

आणि गोळीचंच म्हणाल, तर मी ती घेतली आहे.

प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या महिन्यात मला जुलाब सुरू झाले. मायकोफेनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दुसऱ्या औषधामुळे होतात, असं सांगून त्याचा डोस दोनदा कमी केला. खरंच होतात त्यानेही, म्हणून कोणाला शंका आली नाही. शौचाचा अहवाल दोन वेळा ‘काही आढळलं नाही’ असाच आला. मग एकाने अगदी तुमच्याच शब्दांत सांगितलं, जंताची गोळी घ्या, काम होईल. घेतली. तीन आठवड्यांत वजन ६ किलोने उतरलं. डोस तोच असताना रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी दुपटीच्या वर गेली, कारण सुजलेल्या आतड्यातून ते औषध जास्त शोषलं जातं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम बिघडलं की रक्तात वाढणारा घटक, १.१ वरून २.३. आई शेजारी बसून होती आणि तिच्याकडे बघायची मला हिंमत होत नव्हती. शेवटी एका तरुण निवासी डॉक्टरने नमुन्याला वेगळा रंग देऊन तो पाहायला लावला, तेव्हा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा सूक्ष्म परजीवी सापडला. नेहमीच्या तपासणीत तो बहुधा दिसत नाही, मुद्दाम सांगावं लागतं. अल्बेंडाझोल हा त्यावरचा उपाय नव्हे. पाण्यातल्या क्लोरिनलाही तो दाद देत नाही, पाणी उकळावंच लागतं. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून सुमारे ४ लाख लोकांना त्याची बाधा झाली होती.

तेव्हा ‘एक गोळी’ हे वाक्य माझ्यापुढे टाकताना थोडा विचार करा. ते ऐकून मी आईने दिलेलं मूत्रपिंड घालवून बसले असते.

सायटोमेगॅलोव्हायरस आणि बीके विषाणू यांचा त्रास जास्त जणांना होतो, हा तुमचा उरलेला मुद्दा. असेल. तो त्या लेखाचा विषय नव्हता आणि इथे मी त्यात शिरणार नाही.

तुम्ही स्वतः रुग्ण तपासता की नाही, हे तुमच्या प्रतिक्रियेवरून कळत नाही. तपासत असाल, तर प्रत्यारोपण झालेल्या कोणाला जुलाब लागल्यावर तुम्ही नेमकी कोणती तपासणी लिहून देता, ते इथे सांगा. तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. मात्र ‘रिकाम्या वेळात’ हे शब्द तुम्ही मागे घ्यावेत, अशी माझी अपेक्षा आहे.