बाळंतविड्याची यादी करणे म्हणजे मागणे नव्हे : शिरपूरच्या आजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय आजी,

सादर नमस्कार. ‘शिरपूरची एक आजी’ एवढीच ओळख देऊन आपण माझ्या लेखावर जी सविस्तर प्रतिक्रिया लिहिली आहे, ती मी घरात सर्वांना वाचून दाखवली. सासूबाईंना आपले म्हणणे बरेचसे पटले, हे आधीच सांगून टाकते.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझे पहिले बाळंतपण यंदा अखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, मागेपुढे आहे. ‘काय लई येऊ (घेऊन येऊ), सांग ना’ असे विचारणारे नातेवाईक आणि मैत्रिणी यांच्यासाठी आम्ही नवरा-बायकोने बाळाला लागणाऱ्या वस्तूंची एक यादी केली आणि ती विचारणाऱ्यांना मोबाइलवर पाहता येईल अशी ठेवली. ज्याला जे द्यायचे असेल त्याने त्या वस्तूपुढे आपले नाव लिहायचे, म्हणजे एकच वस्तू चौघांकडून येत नाही. यावर आपले आक्षेप असे : यादी पाठवणे म्हणजे तोंड उघडून मागणे आहे, जन्माआधी बाळाच्या वस्तू मोजू नयेत, अशा यादीने हातावर पोट असलेल्या नातेवाइकाची पंचाईत होते, आणि यादीत कुंची नाही, सोन्याचे मणी नाहीत, मोहरीची उशी नाही, आईसाठी तर एक ओळही नाही.

मागण्याचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्यावरच जास्त लिहिते. बाळंतविडा हीदेखील एक यादीच होती, असे माझे नम्र मत आहे. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट, वाळे, बाळंतिणीची साडी, डिंक आणि खारीक. आत्याने काय आणायचे, मामाने काय आणायचे, माहेरचा पाळणा कधी यायचा, हे सारे ठरलेले असे. कोणाला तोंड उघडावे लागत नसे, कारण गल्लीतल्या प्रत्येक बाईला ती यादी तोंडपाठ होती आणि घरात कोणत्या वस्तूची कमतरता आहे हेही तिला ठाऊक असे. आज विचारणारा चुलतभाऊ पुण्यात एका खोलीत राहतो आणि त्याने तान्हे बाळ मांडीवर कधी घेतलेले नाही. माझी कार्यालयातली सहकारी नागपूरची आहे आणि बारशाला येताना थेट गाडीतून उतरून येणार आहे. त्यांना प्रेम आहे, माहिती नाही. माहिती नसलेला माणूस दुकानात जातो आणि दुकानदार पुढे करील तो खोका उचलतो.

हा खोका आपणही पाहिला असेल. वर पारदर्शक कागद, आत पुठ्ठ्यावर टाचण्यांनी ताणून बसवलेला झालरीचा नायलॉनचा फ्रॉक, कपाळावर वळ उठेल असे इलॅस्टिक असलेली टोपी, लोकरीसारख्या कापडाचे मोजे, पावडरीचा डबा आणि बहुतेक वेळा दुधाची बाटली. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात, पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर असताना, त्या फ्रॉकमध्ये बाळाला पाच मिनिटेही ठेवता येणार नाही. पावडरीची भुकटी श्वासावाटे आत जाते म्हणून बालरोगतज्ज्ञ ती नकोच म्हणतात. बाटलीबद्दल तर आपल्या देशात 1992 चा कायदा आहे : दुधाची पावडर आणि दुधाची बाटली यांची जाहिरात करण्यास, तसेच खप वाढवण्यासाठी गरोदर स्त्रियांना व मातांना त्यांचे नमुने किंवा भेटी वाटण्यास त्याने मनाई केली आहे. कायदा कंपन्यांसाठी आहे, मावश्यांसाठी नाही, हे खरे. पण पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध हाच सर्वत्र दिला जाणारा सल्ला असताना बारशाच्या दिवशी टेबलावर बाटल्या मांडलेल्या मला पाहायच्या नाहीत.

मापाचाही प्रश्न आहे. चांगले बाळसे धरणारे मूल साधारण पाचव्या महिन्यापर्यंत जन्मवजनाच्या दुप्पट होते. तरीही येणारा प्रत्येक जण सर्वांत लहान मापाचे कपडे आणतो, कारण ते हातात धरल्यावर गोड दिसतात. माझ्या थोरल्या बहिणीच्या कपाटात असे अंगाला न लागलेले कपडे अजून घडी घालून पडलेले आहेत. म्हणून आमच्या यादीत बहुतेक कपड्यांपुढे ‘सहा महिन्यांपुढचे माप, सुती, पुढून नाडी असलेले’ असे स्पष्ट लिहिले आहे.

आपल्याकडे लग्नात मांडवाच्या दाराशी एक जण आहेर लिहायला वही घेऊन बसतो आणि कोणी काय दिले ते पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवले जाते, कारण ते फेडायचे असते. त्या वहीत कोणाला मागणे दिसत नाही. त्याच घरच्या पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असेही छापलेले असते, आणि पाहुणा ते वाचून पाकीट घेऊनच निघतो. आमची यादी म्हणजे तीच वही, फक्त कार्याच्या आधी उघडलेली, आणि फेडीचा रकाना काढून टाकलेली.

ही पद्धत परदेशातून आली, हे आपले म्हणणे बरोबर आहे. अमेरिकेत शिकागोच्या मार्शल फील्ड या दुकानाने 1924 मध्ये नवरीसाठी अशी यादी ठेवायला सुरुवात केली, आणि तीत दुकानाचा फायदा होताच. म्हणून आम्ही कोणत्याही दुकानाची तयार यादी घेतली नाही. तिकडच्या याद्यांत मोटारीतली बाळाची खुर्ची सर्वांत वर असते, आणि ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांच्यासाठी ती हवीच. आमच्याकडे स्कूटर आहे. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालकाशी बांधणारा पट्टा आणि त्याच्या मापाचे हेल्मेट हवे, आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत हवा, असा केंद्राचा नियम 2022 मध्ये आला. आमच्या यादीत तो पट्टा आहे, शेवटच्या ओळीत, ‘घाई नाही’ असे लिहून.

आणि बाळासाठीचे सामान ठरवून देणे यात काही लाजिरवाणे असते, तर सरकारांनी ते केले नसते. फिनलंडने 1938 मध्ये गरीब मातांसाठी कपडे-अंथरुणाची पेटी सुरू केली आणि 1949 पासून ती सर्व मातांना खुली केली. अट एवढीच, की चौथा महिना संपायच्या आत तपासणी करून घेतली पाहिजे. आपल्या राज्यानेही 2019 मध्ये सरकारी दवाखान्यात पहिले बाळंतपण होणाऱ्या आईसाठी सुमारे 2,000 रुपयांचा बाळाचा संच देण्याची योजना आणली. त्यात मच्छरदाणी, तापमापक, नखे काढण्याचे यंत्र, ब्लँकेट अशा वस्तू ठरवल्या होत्या. आमच्या यादीतला तापमापक आपल्याला खटकला, पण तो तिथूनच सुचला. उन्हाळ्यातल्या बाळाचे अंग तापाने गरम आहे की हवेने, हे हाताला कळत नाही.

जन्माआधी वस्तू मोजू नयेत, या भावनेचा मी अनादर करत नाही. आमच्या घरातही पाचवीपर्यंत नवे कापड बाळाच्या अंगाला लावत नाहीत. पण यादी म्हणजे खरेदी नव्हे. आज घरात एकही नवी वस्तू आलेली नाही. नावे लागली आहेत, वस्तू पाचवीनंतर येतील. दवाखान्यात न्यायच्या पिशवीत बहिणीच्या मुलाची धुऊन उन्हात वाळवलेली झबली आणि मऊ झालेल्या पातळांची दुपटी आहेत, आणि ती आधी भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. बाळ सदतिसाव्या आठवड्याआधीही येऊ शकते, हे डॉक्टर प्रत्येक गरोदर बाईला सांगतात. त्या वेळी अंगडे शोधत बसणे शुभ ठरणार नाही.

गरीब नातेवाइकाबद्दल आपण लिहिलेले वाक्य मला सर्वांत जास्त आवडले. यादीत किमतीचा रकाना कधीच नव्हता, आणि निम्म्याहून अधिक ओळींना पैसे लागतच नाहीत : जुन्या धोतराचे लंगोट, एक वाकळ, पाळणा वापरायला, आठवड्यातून एकदा कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीचा डबा, रात्री दोन तास बाळाजवळ बसणे. चोपडा तालुक्यातली माझी मावशी दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जाते. तिने लंगोटांपुढे आपले नाव लावून घेतले. मामांची धोतरे फाडून तिने चौकोन बेतले आणि ते हाताने दुमडून शिवले, शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे बाळाच्या मांडीला दोरा टोचत नाही. दिवसाला आठ-दहा लंगोट लागतात, म्हणून यादीतल्या सगळ्या वस्तूंत ह्यांचाच उपयोग सर्वांत जास्त होणार आहे. यादी नसती तर ती उसने पैसे काढून खोकाच घेऊन आली असती, कारण बारशाला रिकाम्या हाताने जायचे नसते. पंचाईत होते ती खरे तर तिथे.

आता वस्तूंबद्दल. कुंची यादीत नाही, कारण सासूबाई ती शिवत आहेत आणि तिच्यावर दुसऱ्या कोणाचे नाव लागलेले त्यांना चालणार नाही. सोन्याबद्दल मात्र मी ठाम आहे. आमचे जळगाव सोन्याचे गाव, इथे कोणीतरी मणी-पान आणणारच. पण सोने यादीत लिहिले की ती यादी राहत नाही, वसुली होते. शिवाय मणी आणि घुंगरू मूल तोंडात घालते, म्हणून आलेले दागिने बारशाच्या फोटोपुरते घालून डब्यात ठेवू. मोहरीच्या उशीबाबत मला आपल्याशी असहमत व्हावे लागते. डोक्याला गोलाई येते म्हणून ती देतात, हे मी जाणते. परंतु तान्ह्या बाळाला उताणे, सपाट व घट्ट अंथरुणावर, उशीशिवाय झोपवावे आणि वर्षभर उशी देऊच नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. बाळ नाक उशीत खुपसते आणि त्याला मान वळवता येत नाही, हे त्यामागचे कारण आहे. वॉकरही नको, जिन्यावरून पडण्याच्या अपघातांमुळे कॅनडाने 2004 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. वर्षाच्या सुमारास लाकडी पांगुळगाडा कोणी दिला तर आनंदच आहे, कारण तो मूल स्वतःच्या पायावर उभे राहून ढकलते.

राहिली आई. तिची सोय माहेर पाहील, असे मी गृहीत धरले होते, आणि अजूनही बहुतांशी तसेच आहे. पण ‘बाळाला पन्नास वस्तू आणि बाळंतिणीला काय?’ असे आपण विचारल्यावर सासूबाईंनी त्याच बैठकीत नवा रकाना करायला लावला : डिंक, खारीक, अळीव, बाळंतशोपा, पुढून उघडणारे सुती गाऊन आणि मालिश करणाऱ्या बाईंचा महिन्याचा पगार, जो चार जणींनी मिळून दिला तरी चालेल. डिंक व खारकेपुढे नावे लागली आहेत. गाऊनचे माप मात्र सासूबाईंनी कोणाला सांगायचे नाही असे बजावले आहे, त्यामुळे ती ओळ मी स्वतःच भरणार आहे.

आपली नम्र,
लेखिका