अथणीच्या दादांना उत्तर

दादा, ‘नेपाळात कायम राहायला परवाना लागत नाही’ हे माझ्या लेखातलं वाक्य तुम्हाला झोंबलं. पुतण्याला तिथं दुकानाची जागा घेता आली नाही, म्हणजे मी लोकांची दिशाभूल करते, असं तुमचं म्हणणं. निम्मं कबूल. ‘कायम’ हा शब्द मी सैलच वापरला.

पण परवान्याचं मागं घेत नाही. 1950 च्या भारत-नेपाळ कराराचं सातवं कलम बघा. राहणं, व्यापार, ये-जा, मालमत्ता, सगळ्यांत एकमेकांच्या नागरिकांना सारख्या सवलती. व्हिसाही नाही. गोम आहे ती करारासोबतच्या पत्रात. नेपाळी लोकांना मोकाट स्पर्धेपासून काही काळ संरक्षण द्यावं लागेल, हे भारतानं त्यात मान्य केलंय. तो ‘काही काळ’ अजून संपलेला नाही! आपल्याकडं उतारा तसा तिथं लालपुर्जा, आणि त्यावर परदेशी माणसाचं नाव चढत नाही.

माझे थोरले मामा चिक्कोडी तालुक्यातनं नेपाळात, सीमेलगतच्या भैरहव्याला गेले, गलाई करतात, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करतात. सत्तावीस वर्षं झाली. मागच्या दिवाळीत बघितलं तर तीच भट्टी, धातू वितळवायची तीच काळी पडलेली मूस, ॲसिडचा तोच नाकात जाणारा वास. पोरं आपसात नेपाळीत भांडतात. मामी भाव ऐकला की आधी विचारते, “आयसी का एनसी?” (आयसी म्हणजे भारतीय रुपये, एनसी म्हणजे नेपाळी; आपल्या शंभराचे तिकडं एकशे साठ.) जागा मात्र अजून भाड्याची.

नागरिकत्वाला पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं, ते कधीच भरलंय. पण भारताचं सोडावं लागतं, आणि अर्ज केला म्हणजे मिळालंच असं नाही. मामा म्हणाले, “आणि गावाकडच्या दीड एकराचं काय करू गं?” विषय तिथंच संपला.

नेपाळला जाताना आधार सगळ्यांना चालत नाही, हे तुमचं बरोबर, माझ्या लेखात ते राहून गेलं. विमानानं जायचं तर पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र. आधार चालतं ते पंधराच्या आतल्यांना आणि पासष्टच्या वरच्यांना. सीमेवरच्या सोनौलीच्या कमानीतनं मी चालत गेले, कुणी काही विचारलं नाही, म्हणून लक्षातच आलं नाही.

पुतण्याला सांगा, भाडेकरार लेखी करून घे आणि काठमांडूच्या भारतीय दूतावासात नाव नोंदव. तिथल्या मित्राच्या नावावर जागा घ्यायचा सल्ला कुणीतरी देणारच. मामांच्या शेजाऱ्यानं तेच केलं होतं. मित्र वारला, आणि तेराव्यानंतर त्याच्या पोरांनी दुकानाला कुलूप लावलं. मूससुद्धा आतच राहिली.