नाताळ बाहेरून आला म्हणे

डिसेंबर लागला की आमच्या नगरच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी तोच वाद. यंदा एकाने फॉरवर्ड टाकला की मुलांना सांताचे कपडे घालून शाळेत पाठवू नका, हा गोऱ्यांचा सण, आपल्याकडे काय सण कमी आहेत का. त्यावर दुसरा म्हणाला, अरे क्रिसमस आता धार्मिक राहिलाय कुठे, केक खा, मजा कर, सोड ना. दोघांनाही भरपूर अंगठे मिळाले. मला पहिल्याचा राग आला, पण दुसऱ्याचा जास्त आला, आणि तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये.

गोऱ्यांचा सण! मी 9 वर्षं गोऱ्यांच्यातच राहतोय, जर्मनीत श्टुटगार्टला, आणि खरं सांगतो, इथला नाताळ पहिल्यांदा बघितला तेव्हा तो मला परका वाटला. आड्व्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या, चार मेणबत्त्या, बाजारात ग्ल्यूवाइनचे, म्हणजे गरम मसालेदार वाइनचे, मग, आणि चोवीसला दुपारीच दुकानं बंद होऊन संध्याकाळी रस्त्यावर चिटपाखरू नाही. सुंदर असतं, शिस्तीत असतं, पण आमचा नाताळ म्हणजे आवाज. आठवडाभर आधी करंज्या, चकल्या, अनारसे, त्यासाठी शेजारच्या काकूंचा सोऱ्या दिवाळीनंतर परत आमच्याकडे मुक्कामाला यायचा. दादा बांबूच्या कामट्यांची चांदणी करून तिला पतंगाचा कागद चिकटवायचा. कॅरोल पार्टी रात्री दोन-दोनपर्यंत पेटी, ढोलकी, झांजा घेऊन घरोघर, आणि ज्या घरी गाणं होईल तिथे चहा नि चिवडा घेतल्याशिवाय कोणी हलू द्यायचं नाही. यात गोऱ्यांचं काय आहे ते मला दाखवा.

मी दहाएक वर्षांचा असताना चर्चच्या नाटकात मेंढपाळ होतो, डोक्याला आजोबांचा पटका आणि अंगावर टोचणारी घोंगडी. कोणीतरी हौसेने खरी शेळी आणली होती. गव्हाणीत कडबा घातलेला, वर दुपट्यात गुंडाळलेली बाहुली. देवदूताचं भाषण चालू असताना शेळीने गव्हाणीत तोंड घातलं आणि बाळाखालचा कडबा ओढून खायला लागली, बाळ घसरत घसरत काठावर आलं, मारिया झालेल्या ताईने एका हाताने बाळ धरलं नि दुसऱ्या हाताने शेळीचं शिंग. अख्खी मंडळी हसतेय, देवदूतही हसतोय. पाळकसाहेब डोळे पुसत उठले आणि म्हणाले, बेथलेहेमातही असंच झालं असणार.

मला नाताळ तेव्हा कळला. देव आला तो जनावरांच्या गव्हाणीत आला, त्याला धरायला आईचा हात लागला, आणि पहिला निरोप गेला तो रात्री रानात मेंढरं राखणाऱ्यांना. राजाला नंतर कळलं. ही आनंदाची बातमी आहे आणि ती हसत सांगायची बातमी आहे. म्हणून ‘केक खा, मजा कर’ म्हटलं की लागतं. मजा तर आम्हीही करतो, पण ज्याच्यासाठी करतो त्यालाच घराबाहेर काढून कशी करायची? इथे माझ्या वरच्या मजल्यावर एक आजी राहतात, किर्खेनश्टॉयर, म्हणजे चर्चचा कर, नको म्हणून त्यांनी चर्च कधीच सोडलंय, तरी हायलिगआबेंडला, म्हणजे चोवीसच्या रात्री चर्चमध्ये, माझ्या शेजारी येऊन बसतात आणि शेवटच्या गाण्याला दिवे घालवले की रडतात. नुसत्या मजेसाठी माणूस रडत नाही.

आणि बाहेरचा म्हणजे किती बाहेरचा? नाताळ शब्द पोर्तुगीजांचा, बरोबर, पण पाव, बटाटा, चावी, पगार हेही त्यांच्याकडूनच आले. फादर स्टीफन्स हा धर्मगुरू इंग्लंडचा, पण गोव्यात 1616 साली त्याने येशूची कथा सांगणारं ख्रिस्तपुराण छापलं ते ओवीत. आमच्या नगरमधून ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक 1842 पासून मराठीत निघायला लागलं. कवी ना. वा. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले तेव्हा भजन-कीर्तन सोडून नाही आले, सोबत घेऊन आले, म्हणून आमच्या उपासनेत आजही त्यांची पदं आहेत. आणि तरी 2020 ला फादर दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा विरोध झालाच, पाद्री अध्यक्ष कसा म्हणून. अख्खं आयुष्य वसईत मराठी लिहिण्यात गेलेला माणूस!

तिकडे विचारतात, तुम्ही कन्व्हर्ट कधी झालात. इकडे जर्मनही तेच विचारतात, फक्त जास्त नम्रपणे. माझे पणजोबा पेटी वाजवायचे चर्चमध्ये, हे मी दोन्हीकडे सांगून थकलो.

इथे आलो तो पहिला डिसेंबर मी खोली शोधण्यात काढला. खोली नाही म्हणून आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, नाही, आनमेल्डुंग नाही म्हणून बाकी काहीच नाही. येशूच्या जन्माच्या गोष्टीत नावनिशी लिहायला निघालेला योसेफ आणि उतारशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, जागा नाही, हे मी लहानपणापासून पाठ म्हणत होतो, समजलं त्या महिन्यात. मागच्या वर्षी इथल्या पास्टरीणबाईंनी क्रिपेनश्पीलमध्ये, म्हणजे नाताळच्या नाटकात, विचारलं, बायबलातल्या ल्यूकच्या पुस्तकातला हा भाग तुझ्या भाषेत वाचशील का. मी वाचला. उतारशाळा या शब्दावर आवाज अडकला, थांबलो, परत वाचला, कोणाला शब्द कळला नव्हता पण कोणी हललं नाही. आईला रेकॉर्डिंग पाठवलं तर तिने आधी विचारलं, चांदणी लावलीस का.

लावली होती. यंदाही लावलीये, खिडकीत. पण ग्रुपवर इतक्या वर्षांत मी एकदाही लिहिलं नाही की अरे, तुम्ही ज्याच्यावर भांडताय तो माझा सण आहे, तुम्ही आमच्या घरी येऊन त्याच्या करंज्या खाल्ल्यात. दरवर्षी फक्त वाचतो. कालही ते रेकॉर्डिंग काढलं, ग्रुप उघडला, तुमचं वाद घालणं चालूच होतं, आणि मी फोन ठेवून दिला.