सेंद्रियची तपासणी कपाशी उभी असताना करा

सेंद्रिय म्हणून दोन पैसे जास्त मागितले की गिऱ्हाईक विचारतं, "सर्टिफिकेट आहे का?" विचारायलाच हवं. फक्त एक लक्षात घ्या, ते सर्टिफिकेट पिशवीतल्या तुरीचं नसतं. ती तूर ज्या रानात, ज्या पद्धतीनं पिकली, त्याचं असतं.

विदर्भातल्या लहान शेतकऱ्याला परवडतो तो पीजीएसचा, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची हमी घेण्याच्या सरकारमान्य पद्धतीचा मार्ग. गावातल्या किमान 5 शेतकऱ्यांचा गट, प्रत्येकाची प्रतिज्ञा आणि एकमेकांच्या शेताची तपासणी. हंगामी पिकांना 24 महिने आणि फळबागेला 36 महिने रूपांतराचा, म्हणजे रासायनिकमधून सेंद्रियवर येण्याचा काळ, तोवर 'पीजीएस ग्रीन', मग 'पीजीएस ऑरगॅनिक'. निर्यातीला मात्र एनपीओपीची (केंद्राच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची) त्रयस्थ तपासणीच लागते.

"आपापसातलं सर्टिफिकेट" ही टीका मला मान्य नाही. कोणी कधी काय फवारलं, हे वर्षातून एकदा येणाऱ्या निरीक्षकापेक्षा धुऱ्याला धुरा (बांधाला बांध) असलेल्या माणसाला जास्त कळतं. घोळ होतो तो वेळेचा. कपाशी उपटून रान मोकळं झाल्यावर, एप्रिलमध्ये फॉर्म भरले तर ढेकळांत काय दिसणार? ऑगस्ट-सप्टेंबरात, ऐन फवारणीत जा.

आधी धुरा बघा. पलीकडे रासायनिक फवारणीची बीटी कपाशी असेल तर अलीकडे चार-पाच ओळी दाट तूर किंवा ज्वारी हवी, आणि त्या ओळींचा माल वेगळा काढून साधा म्हणूनच विकायला हवा. वरच्या शेताचं पाणी उतरत असेल तर चर हवा. मग पंप. मागून आणलेला पंप कितीही विसळला तरी नळीत, नोझलमध्ये औषध राहतं. त्यातूनच निंबोळी अर्क मारला की प्रयोगशाळेत अंश सापडतो, आणि शेतकरी बिचारा खरंच सांगत असतो की मी काही मारलं नाही. बियाण्याची रिकामी पाकिटं मागा. दाण्याला गुलाबी रंग दिसला तर ते बुरशीनाशक चोळलेलं असण्याचीच शक्यता जास्त. 'जैविक' लिहिलेल्या बाटलीवर घटक छापलेले नसतील तर ती बाद करा.

नोंदवहीत तारीख, पीक, काय मारलं, किती लिटर, कुणी मारलं, एवढं त्याच दिवशी लिहिलेलं हवं. एकाच पेनानं एका बैठकीत भरलेलं वर्ष लगेच ओळखू येतं.

आणि सही करण्याआधी गोठ्यातला बारदाना उलटून बघा. तीन वर्षांची मेहनत युरियाच्या रिकाम्या गोणीत भरलेली असू शकते.