पुन्हा आलं ते फसवं बिल, पेटंटवाल्यांना भामटे पाठवतात ते!

पेटंटचा अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. आपलं नाव-पत्ता जगजाहीर झालं रे झालं, की ही बिलं सुरू! सरकारी वाटावं असं बोधचिन्ह, घसघशीत रक्कम, वर 'तातडीने भरा'. कशासाठी? तर कुठल्याशा 'आंतरराष्ट्रीय नोंदवही'त नाव छापायला, जिला कायद्यात काडीची किंमत नाही. ट्रेडमार्कवाल्यांचंही तेच; १० वर्षांनी नूतनीकरण जवळ आलं की हे आधीच हजर. वायपो, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटना, असल्या बिलांचे नमुने संकेतस्थळावर टाकून सावध करते, तरी यांचं चालूच. बरं, 'सेवा ऐच्छिक आहे' असं लिहिलेलं असतं हं, पण तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात! खऱ्या कार्यालयाचं उत्तर यायला वर्षं लागतात, ही मंडळी मात्र कमालीची तत्पर.