तिवरं जळलेली नाहीत, खाल्ली गेलीत

"खाडीतली तिवरं रसायनानं जळून मेली. वर दोन जातींच्या विषारी अळ्या पडल्यात, हात लावू नका. ताबडतोब फवारणीची मागणी करा." तांबूस झाडांच्या फोटोसकट हा मेसेज कोकणातल्या ग्रुपांवर फिरतोय.

आधी रसायनाचं बघू. खाडीत रसायन सुटलं असतं, तर बाजूची कांदळं आणि चिपी ही तिवरांसारखीच खारफुटीची झाडंही होरपळली असती. मेसेजच्याच फोटोत ती हिरवीगार आहेत. शिवाय करपलेलं पान फांदीवर लटकतं. इथे पानाच्या नुसत्या शिरा उरल्यात.

हे काम हायब्लिया प्युएरा या पतंगाचं. पावसाच्या तोंडावर ज्याच्या अळ्या सागाची कोवळी पालवी फस्त करतात, तो हाच. मिटलेल्या पंखांनी बसला की वाळक्या पानासारखा मातकट दिसतो, पंख उघडले की मागच्या जोडीवरचे नारिंगी पट्टे दिसतात. काल ओहोटीला चिखलात उतरून मी दुमडलेलं एक पान उघडलं. घडी रेशमाच्या धाग्यांनी चिकटवलेली, आत काळपट अळी. पुढच्या झाडावर हिरवट सापडली. जात एकच! गर्दी झाली की ही अळी काळी पडते, विरळ असली की हिरवट राहते. अंगावर खाजरे केस नाहीत. तळहातावर चालवली, साधी खाजसुद्धा सुटली नाही.

"झाडं मेली" हे सगळ्यात घातक. फांदी नखानं खरवडून बघा, आत साल हिरवी आहे. आठवड्यापूर्वी उघड्या पडलेल्या झाडांना तर नखाएवढी पालवी आलीसुद्धा. नुकसान होतच नाही असं नाही. केरळातल्या निलंबूरला सागाच्या तरुण लागवडीत या अळीमुळे लाकडाची वाढ सुमारे 44 टक्क्यांनी घटल्याचं मोजलं गेलंय. पण वाढ खुंटणं वेगळं, मरणं वेगळं. "मेलीच आहेत" म्हणत कुणी कोयता लावायला नको. तिवरतोडीला मुंबई उच्च न्यायालयानं 2005 सालीच मनाई केली आहे, 2018 च्या निकालातही ती कायम आहे.

राहिली फवारणी. अंडी दोनेक दिवसांत फुटतात आणि अळी दहा-बारा दिवसांत वाढ पुरी करून कोषात जाते. झाड उघडं पडलेलं आपल्याला लांबून दिसतं, तोवर बहुतेक अळ्यांचं खाणं उरकलेलं असतं. मग औषध पडणार कुणावर? अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्यांवर आणि भरतीच्या पाण्याबरोबर तिवरांच्या मुळांत वाढणाऱ्या कोळंबीच्या पिल्लांवर. त्याच कोळंबीवर खाडीकाठची चूल पेटते.